‘हिला नेहमीच दुखतं’

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की एक-दोन दिवसांत बहुतेकांना घरी सोडतात. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई चहा घेऊन, केस विंचरून, मुलगा बिल भरून कधी येतो याची वाट पाहत बसलेली असते. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, तेवढीच छिद्रं पाडून घेतलेली दुसरी बाई मात्र कूस बदलतानाही कण्हत असते. पोटापेक्षा तिचे खांदे, मांड्या आणि कंबर जास्त ठणकत असतात. रक्तदाब मोजण्यासाठी दंडाला पट्टा आवळला तरी तिच्या डोळ्यांत पाणी येतं. राऊंडवर आलेले डॉक्टर टाके पाहतात, पोट दाबून पाहतात, ‘सगळं उत्तम आहे’ म्हणतात. नवरा ओशाळून सांगतो, ‘हिला नेहमीच दुखतं.’

तो खोटं बोलत नाही. तिला आठ-दहा वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे. संधिवाततज्ज्ञाच्या जुन्या फाईलमध्ये तो शब्द लिहिलेला आहे. शस्त्रक्रियेच्या कागदांवर मात्र मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, औषधांची ॲलर्जी इतकंच विचारलं गेलं आणि इतकंच सांगितलं गेलं. अंगदुखी हाही भूलतज्ज्ञाला सांगायचा आजार असतो, हे ना तिला कुणी सांगितलं होतं, ना विचारणाऱ्याला सुचलं. पुढच्या पंधरा दिवसांतल्या हालांपैकी बरेचसे या एका गाळलेल्या ओळीतून सुरू होतात.

जगभरात साधारण दोन ते चार टक्के लोकांना हा आजार असतो असं मानलं जातं. त्यात स्त्रिया बऱ्याच अधिक. (पुरुषांनाही होतो, पण त्यांचं निदान आणखी उशिरा होतं, कारण ‘सगळं अंग दुखतं’ असं पुरुष डॉक्टरसमोर सहसा म्हणतच नाही.) सगळ्या अंगात महिनोन्महिने दुखणं, झोपून उठल्यावरही थकवा, विसराळूपणा, पोटाच्या तक्रारी हा त्याचा नेहमीचा संसार. एक्स-रे, रक्त, एमआरआय यांत काही सापडत नाही. पूर्वी अंगावरचे ठरावीक १८ बिंदू दाबून त्यांपैकी ११ दुखले तर निदान व्हायचं, तो १९९० चा निकष. २०१० पासून बिंदू मागे पडले आणि दुखणं अंगावर किती पसरलंय, झोप, थकवा आणि एकाग्रता कशी आहे, हे विचारून निदान करता येऊ लागलं. २०१७ मध्ये वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा दुखण्याला ‘नॉसिप्लास्टिक’ असं वेगळं नावही दिलं. इथे इजा शोधून सापडत नाही. बिघाड असतो तो वेदनेचे संदेश वाहून नेणाऱ्या आणि त्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेत. रेडिओचं बटण कायमचं मोठ्या आवाजावर अडकावं तसं. गाणं खरंच वाजत असतं, ते फक्त सहन होण्यापलीकडे वाजत असतं.

अशा शरीरावर सुरी फिरली की काय होतं, याचा चांगला अभ्यास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात झाला आहे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियांना तिथे आधी फायब्रोमायल्जियाची प्रश्नावली भरायला दिली. या प्रश्नावलीत ० ते ३१ गुण मिळतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गुण जितके जास्त, तितकी शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामकं जास्त लागली. म्हणजे रोगाचं नाव मिळालंय की नाही, यापेक्षा यंत्रणा किती हळवी आहे याला महत्त्व. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांना २००७ मध्ये मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती. मॉर्फिनसारखी औषधं मेंदूत ज्या कुलपांना लागतात, ती कुलपं फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांमध्ये काही भागांत कमी मोकळी असतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वॉर्डातलं कोडं बरंचसं सुटतं. औषध जास्त मागणारी बाई नाटकी नसते किंवा व्यसनीही नसते. दिलेलं औषध तिच्यावर नीट चालतच नाही. आणि तेच औषध वाढवत नेण्याने मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ वाढतं, दुखणं मात्र फारसं हलत नाही.

म्हणून अशा रुग्णाच्या वेदनेचा बंदोबस्त शस्त्रक्रियेनंतर सुरू करणं हे उशिरा सुरू करणं आहे. तो भूल देण्याआधीच्या तपासणीत, ज्याला सगळे ‘फिटनेस’ म्हणतात, तिथेच ठरायला हवा. आज ही तपासणी अनेक ठिकाणी ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि एक सही इतक्यावर उरकते. त्यात ‘तुम्हाला तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखतंय का, आणि त्यासाठी काय घेता?’ हा प्रश्न घालायला अर्धा मिनिट लागतो. तो प्रश्न न विचारणाऱ्या रुग्णालयाने नंतर रुग्णाच्या सहनशक्तीबद्दल बोलू नये.

विचारलं नाही तर रुग्णाने आपणहून सांगावं, आणि नुसतं नाव सांगून थांबू नये. रोज कुठे आणि किती दुखतं, कशाने वाढतं, आधी कुठल्या औषधाने त्रास झाला, हे सांगावं. गोळ्यांची नावं पाठ नसतात, म्हणून पाकिटंच सोबत न्यावीत. प्रीगाबालिन आपल्याकडे बी-१२ किंवा नॉरट्रिप्टिलिनसोबत एकाच गोळीत मिसळून सर्रास मिळतं, आणि ‘नसांची गोळी’ एवढ्या वर्णनावरून भूलतज्ज्ञाला काहीच कळत नाही.

या नेहमीच्या गोळ्यांचं काय करायचं, इथे मोठा घोळ होतो. ‘काही खायचं-प्यायचं नाही’ हे ऐकून अनेक जण त्या आदल्या दिवसापासूनच बंद करतात आणि नंतरही तीन-चार दिवस कुणाला त्यांची आठवण होत नाही. ड्युलॉक्सेटिन एकाएकी थांबवलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. प्रीगाबालिन थांबवलं तर झोप उडते, घाम फुटतो. वॉर्डात हे सगळं ‘ऑपरेशनचा त्रास’ म्हणून लिहिलं जातं. बहुतेक वेळा या गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घेता येतात. पण ते भूलतज्ज्ञाने नावानिशी लिहून द्यायला हवं, घरच्यांनी अंदाजाने ठरवायला नको.

दुसरा घोळ ट्रॅमाडॉलचा. शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडे हे औषध पुष्कळ वापरलं जातं. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तरी रुग्णालयांतलं त्याचं स्थान अढळ आहे. ड्युलॉक्सेटिन घेणाऱ्या रुग्णाला ते दिलं की दुहेरी गोची होते. ट्रॅमाडॉलला वेदनाशामक रूप देणारं यकृतातलं विकर ड्युलॉक्सेटिन दाबून ठेवतं, त्यामुळे गुण कमी येतो. आणि दोन्ही औषधं सेरोटोनिन वाढवणारी असल्याने कंप, घाम, धडधड, गोंधळलेपणा अशी गंभीर प्रतिक्रिया उमटण्याचा धोका वाढतो. प्रीगाबालिनचा प्रश्न वेगळा आहे. अफूवर्गीय औषधांसोबत ते श्वास मंदावू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला. म्हणून जी आधीपासून घेते तिचं चालू ठेवून तिच्यावर नीट लक्ष ठेवणं वेगळं, आणि ‘हिला जास्त दुखतंय ना’ म्हणून पहिल्याच रात्री ते नव्याने सुरू करणं वेगळं. घरी आल्यावर शेजारणीच्या डब्यातली गोळी उसनी घेणं तर आणखीच वेगळं.

मग द्यायचं काय? सुदैवाने इथे नवं काही शोधावं लागत नाही. डॅनिश सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात जो मार्ग घालून दिला, तोच इथे सगळ्यात जास्त उपयोगी आहे. एकाच औषधाचा मारा करण्याऐवजी वेगवेगळ्या वाटांनी वेदना अडवायची, रुग्णाला लवकर खाऊ-पिऊ घालायचं, लवकर चालवायचं. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून, मागण्याची वाट न पाहता. मूत्रपिंड, जठर आणि रक्तस्राव यांची अडचण नसेल तर सूज कमी करणारं वेदनाशामक. आणि पोटाच्या भिंतीतल्या नसांजवळ सोनोग्राफीत बघत बधिरतेचं इंजेक्शन, ज्याला डॉक्टर ‘टॅप ब्लॉक’ म्हणतात. ते आतल्या अवयवांची कळ थांबवत नाही, पण टाक्यांचं दुखणं पहिले काही तास बरंच हलकं करतं, आणि फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाला ते पहिले तासच महागात पडत असतात. अफूवर्गीय औषध यानंतर, लागेल तेवढंच आणि थोडे दिवस. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने पडद्याला चुरचुर होऊन खांदा दुखतो, तो बहुधा दोन-तीन दिवसांत थांबतो. हे आधी सांगितलेलं असेल तर बाई निभावून नेते. सांगितलेलं नसेल तर तिला वाटतं, आता खांदाही गेला.

काही गोष्टींना तर औषधही लागत नाही. दोन तास एकाच स्थितीत बांधलेले हात आणि मानेखालची पोकळी, थंडगार ऑपरेशन थिएटर, पायांना लावलेल्या खोगिरांचा दाब. एरवीच्या माणसाला हे जाणवतही नाही, फायब्रोमायल्जियाच्या शरीराला ते आठवडाभर आठवतं. मऊ गाद्या, पांघरूण, हात ठेवण्याची जागा एवढं बघणारा सहायक असला तरी पुष्कळ होतं.

शस्त्रक्रियेनंतर सिस्टर विचारतात, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ प्रश्न सोयीचा आहे, कागदावर लिहिता येतो. पण जिला एरवीच पाच असतं तिच्या सातचा अर्थ आणि जिला एरवी शून्य असतं तिच्या सातचा अर्थ एक नाही. शिवाय मराठी माणूस आकड्यांत दुखत नाही. त्याला कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, ठसठसतं, मुरडा येतो, भगभगतं, हुळहुळतं. हे शब्द काही अलंकार नाहीत, ती चांगली वैद्यकीय माहिती आहे. टाक्यांच्या जागी ठसठसणं हे जखमेचं. चादर लागली तरी हुळहुळणं हे बहुधा हळव्या झालेल्या नसांचं. पाठ-मांड्या ठणकणं हे जुनं दुखणं उफाळल्याचं. लाटा येत पोटात मुरडा आणि सोबत वायू सरत नसेल, तर आतड्याकडे बघायला हवं. ‘सात’ या आकड्यात यातलं काहीच कळत नाही. राऊंडवर ‘किती’सोबत ‘कसं आणि कुठे’ विचारलं, तर औषधही नेमकं पडेल. आणि ध्येयही आकडा शून्यावर आणण्याचं नसावं, कारण या रुग्णात ते गाठणं होत नाही आणि गाठायला गेलं की औषधांचा ढीग होतो. खोल श्वास घेता येतो का, खोकता येतं का, संडासापर्यंत चालता येतं का, सलग चार तास झोप लागते का, हे चार प्रश्न जास्त कामाचे.

झोपेचं महत्त्व तर वॉर्डात कुणाला पटतच नाही. टोरांटोच्या हार्वी मोल्डॉफ्स्की यांनी १९७५ मध्ये धडधाकट लोकांची गाढ झोप मुद्दाम मोडली, तर त्यांचंही अंग दुखू लागलं. मग ज्यांची गाढ झोप आधीच विस्कटलेली आहे, त्यांचं रुग्णालयात काय होत असेल? मध्यरात्री सलाईन संपल्याची घंटा, दोनला शेजारच्या रुग्णाचं इंजेक्शन, तीनला कुणाच्या तरी नातेवाइकाच्या मोबाइलवर आरती, पाचला झाडू, साडेपाचला रक्तदाब. पैसे न लागणारं वेदनाशामक म्हणून रात्रीच्या कामांची वेळ एकत्र आणणं, दिवे मंद करणं आणि भेटायला येणाऱ्यांचे फोन बंद ठेवणं, एवढं कुठलंही रुग्णालय करू शकतं. बहुतेक करत नाहीत, कारण झोप बिलात दिसत नाही.

घरी आल्यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘महिनाभर खाटेवरून उठायचं नाही.’ दुसरा म्हणतो, ‘अगं, आमच्या वहिनीचं झालं ना हेच ऑपरेशन, चौथ्या दिवशी पोळ्या लाटत होती.’ दोन्ही पक्ष फायब्रोमायल्जियाच्या बाईला आजारी पाडतात. पडून राहिल्याने स्नायू आखडतात, दुखणं वाढतं, पायात गुठळी होण्याचा धोका असतो तो वेगळाच. उलट बरं वाटलं त्या दिवशी स्वयंपाक, धुणं, कपाट सगळं उरकलं की पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. या आजाराच्या रोजच्या उपचारांत युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने व्यायामाचीच शिफारस सगळ्यात ठामपणे केली आहे, औषधांची नाही. शस्त्रक्रियेनंतर तो व्यायाम म्हणजे घरातल्या घरात पाच मिनिटांचं चालणं, दिवसातून पाच-सहा वेळा. चांगल्या दिवशीही तेवढंच, वाईट दिवशीही जमेल तितकं, आणि दोन-तीन दिवसांनी एखाद-दुसरं मिनिट वाढवत. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या आधाराने बसायचं, म्हणजे पोटाला ताण बसत नाही. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची. पोटाचा पट्टा अनेकांना आधार देतो. पण ज्यांना चोळीची शिवणही टोचते, त्यांना तो सैल लावला तरच चालतो, नाही सोसला तर डॉक्टरांना विचारून सोडावा. पाण्याने भरलेली बादली, ओले कपडे, गॅसची टाकी आणि कडेवर नातवंडं यांच्यासाठी डॉक्टर सांगतील तितके आठवडे दुसरं कुणीतरी हवं. हे ‘दुसरं कुणीतरी’ शस्त्रक्रियेच्या आधी ठरलेलं असावं. डिस्चार्जच्या रिक्षात बसून ठरवायला घेतलं की ते ठरत नाही.

बद्धकोष्ठाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. या आजारात आतडीही अनेकदा चिडकी असतात, त्यात अफूवर्गीय औषधांनी ती सुस्तावतात, आणि कुंथलं की टाक्यांत कळ येते म्हणून बाई जायचंच टाळते. मोकळं होण्याचं औषध वेदनाशामकासोबतच लिहिलेलं असावं, चार दिवसांनी फोन करून मागावं लागू नये. खाली बसायचा संडास असलेल्या घरांत दोन आठवड्यांसाठी कमोडची खुर्ची भाड्याने आणणं हा खर्च वायफळ नाही.

आता ‘हिला नेहमीच दुखतं’ या वाक्याची दुसरी, जास्त घातक बाजू. हे वाक्य घरच्यांच्या तोंडी बसलं, मग सिस्टरच्या, मग शिकाऊ डॉक्टरच्या, की खरी गुंतागुंत त्याच्याआड लपते. पित्ताशय काढल्यावर पित्त आत गळू लागलं, आतड्याला इजा झाली, जखमेत पू झाला, पायात गुठळी झाली, तर पहिली हाक वेदनेचीच असते. आणि जिच्या वेदनेवर कुणाचा विश्वास उरलेला नाही, तिची हाक सगळ्यात उशिरा ऐकली जाते. फायब्रोमायल्जियाने ताप येत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, पोट फुगून उलट्या होत नाहीत, कावीळ होत नाही, एकच पोटरी सुजत नाही, दम लागून छातीत दुखत नाही, जखमेतून घाण वास येत नाही. यातलं काहीही असेल, किंवा दोन दिवस कमी होत आलेलं पोट तिसऱ्या दिवशी एकदम जास्त दुखू लागलं, तर ‘तुझं नेहमीचंच’ म्हणून रात्र काढू नये, त्याच वेळी रुग्णालय गाठावं. नवी वेदना आणि जुनी वेदना यांतला फरक रुग्णाला बहुतेक वेळा कळतो. ‘हे माझं रोजचं नाही’ असं तिने म्हटलं, तर सर्जनने पोट पुन्हा तपासावं. तपासून काही निघालं नाही, तर पाच मिनिटं गेली. उलटही खरं आहे. सगळ्या तपासण्या स्वच्छ असताना केवळ दुखणं थांबत नाही म्हणून पुन्हा पोट उघडायला कुणी सुचवलं, तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नये. हळव्या यंत्रणेवर आणखी एक शस्त्रक्रिया हा सहसा उपाय ठरत नाही.

सातव्या-आठव्या दिवशी टाके काढायला बाई जाते. जखम कोरडी आहे, सर्जनचं काम चांगलं झालेलं आहे, आणि ते तसं सांगतातही. तिच्या अंगाचा ठणका मात्र अजून उतरलेला नसतो, तो पुढे काही आठवडे रेंगाळू शकतो. रजेच्या दाखल्यावर पित्ताशयासाठी छापील हिशोबाने ठरलेले दिवस पडतात. तिथेच सर्जनने आणखी दोन ओळी लिहिल्या, एक, नेहमीच्या गोळ्या पूर्वीसारख्या चालू आहेत ना याची, आणि दुसरी, संधिवाततज्ज्ञाला दोन आठवड्यांत दाखवण्याच्या तारखेची, तर कार्यालयात साहेबांसमोर उभं राहताना तिच्या हातात निदान एक कागद असेल.